टाकीतलं पाणी

कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढायचं काम मीनलचं होतं. ते तिला कुणी दिलं नव्हतं, तिनंच घेतलं होतं.

उल्हासनगर कॅम्प पाचमधलं ते वर्कशॉप तिच्या नवऱ्याचं, अभिजीतचं. तिथे लाकडी फर्निचरला स्प्रेनं रंग मारत. रंगारी हिंदुराव, वयानं सगळ्यांत मोठा. मीनल फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली. अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला त्यांचं घर होतं. दुपारी ती घरीच शिकवण्या घ्यायची आणि संध्याकाळी स्कूटर काढून वर्कशॉपात यायची. हवा दाबली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि टाकीच्या तळाशी साचतं. ते हवेबरोबर स्प्रे गनपर्यंत गेलं की रंगावर फोड येतात. म्हणून रोज टाकीखालचा पितळी नळ उघडून निळ्या बादलीत ते गढूळ, तेलकट पाणी सोडायचं. मग तेलाची पातळी बघायची, फिल्टर झटकायचा, पट्टा अंगठ्यानं दाबून बघायचा. मशीन चालू असताना ती मान कलती करून आवाज ऐकत उभी राहायची, म्हणून हिंदुराव तिला डॉक्टरीणबाई म्हणायचा. ते नाव तिला आवडायचं. तसं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता राजसी आली. ती अभिजीतची धाकटी बहीण, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. अंबरनाथच्या एका कारखान्यात ती मेंटेनन्सला होती. कारखान्यानं मशिनरी गुजरातला हलवली आणि राजसी घरी बसली. दुसरी नोकरी लागेपर्यंत दादाला मदत करते, म्हणाली. बदलापूरच्या सासरहून ती रोज सकाळी नऊच्या आत यायची.

तिचं काही चुकत नव्हतं, हीच अडचण होती. मीनल संध्याकाळी येऊन तेलाच्या काचेत डोकावायची, तर तेल बरोबर मध्यावर. फिल्टर उघडावा, तर आधीच स्वच्छ. एकदा तिनं सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून गळती शोधली. एकही बुडबुडा आला नाही.

"काय शोधताय वहिनी?" राजसीनं विचारलं.

"काही नाही. बघत होते."

"मोठ्या डॉक्टर आल्यात आता," हिंदुराव गन धुता धुता म्हणाला. "तुम्हाला आराम."

पुढच्या आठवड्यात राजसीनं टाकीखाली एक आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह बसवला. त्याला एक छोटा टायमर होता. ठरावीक वेळानं तो क्षणभर उघडायचा, फस्स करायचा आणि पाणी एका कॅनमध्ये सोडून बंद व्हायचा. जुना पितळी नळ तिनं काढला नाही. टी आकाराचा जोड लावून तो एका अंगाला तसाच ठेवला.

"आता तुम्हाला रोज वाकायला नको," ती म्हणाली. "नळ असू दे. तुमच्या हातातला आहे."

हे ती मनापासून म्हणाली, हे मीनलला कळलं. त्याचाच जास्त राग आला.

त्या रात्री जेवताना अभिजीत म्हणाला, "तू आता संध्याकाळी नाही आलीस तरी चालेल. उगाच धावपळ. शिकवणीची एक बॅच वाढव त्यापेक्षा."

"हाकलतोयस का?"

"आराम कर म्हणतोय. राजसी आहे ना."

मीनलनं ताट उचललं. बॅच वाढवायला हरकत नव्हती, मुलं विचारत होतीच. पण दिवसभरात तो एकच तास असा होता, जेव्हा ती कुणाची वहिनी किंवा टीचर नसायची. एक मशीन समोर असायचं आणि ते तिच्या हाताखाली नीट चालायचं. दसऱ्यापर्यंत जायचं आणि मग बघायचं, असं तिनं ठरवलं.

खंडेनवमीला वर्कशॉपात दरवर्षीसारखी झाडझूड झाली. आधी एअर गननं सगळी धूळ उडवायची, मग पुसून घ्यायचं, मग पूजा. वर्षभराचा भुसा आणि रंगाची पूड उडवायला कॉम्प्रेसर सकाळपासून धापा टाकत होता. त्याला मात्र राजसीनं सकाळी सुरू करायच्या आधीच, कॅन रिकामा करून, ओल्या फडक्यानं पुसून लखलखीत केलं होतं. दुपारी मीनल नैवेद्य घेऊन आली तेव्हा सगळी हत्यारं पाटावर मांडलेली होती. कॉम्प्रेसरच्या टाकीवर हळदीकुंकवाची बोटं उठली होती आणि झेंडूची जाड माळ पार खालपर्यंत लोंबत होती. ती बोटं दरवर्षी मीनल ओढायची.

"उशीर झाला तुम्हाला, म्हणून मीच काढली," राजसी म्हणाली. "आरतीला थांबलोय."

आरती चालू असताना मीनलला ते दिसलं. माळेच्या आड टायमरचा प्लग लटकत होता. पुसायच्या आधी राजसीनं तो काढला असणार आणि परत लावायचा राहिला असणार. म्हणजे सकाळभर, मशीन सर्वांत जास्त चाललं तेव्हा, व्हॉल्व्ह बंद होता. बाहेर ऑक्टोबरची दमट हवा. कॅन कोरडा होता. सगळं पाणी टाकीत.

"घालीन लोटांगण" झालं. मीनलनं प्रसाद वाटला. पूजेनंतर हत्याराला हात लावायचा नाही, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच काढायचं, हा त्यांच्याकडचा नियम. तो तिनं मनातल्या मनात दोनदा म्हटला आणि शटर ओढायला अभिजीतला मदत केली.

दसऱ्याला राजसी आणि तिचा नवरा सोनं द्यायला अंबरनाथला आले. राजसी आपट्याचं पान मीनलच्या हातात देऊन पाया पडली. त्या वाकलेल्या पाठीकडे बघताना मीनलच्या तोंडात वाक्य तयार होतं, अगदी साधं: अगं, प्लग राहिलाय. तेवढ्यात अभिजीत सोफ्यावरून म्हणाला, "उद्या वाधवानी शेठच्या किचनमधल्या कपाटांची शटर्स मारायचीत. वाईन कलर, फुल ग्लॉस. एक डाग दिसला तरी माल परत पाठवेल तो, पुढचं कामही जाईल. पण मला टेन्शन नाही. राजसी आहे."

"बस क्या दादा," राजसी म्हणाली.

"खरंच. इतकी वर्षं मी रोज देवाचं नाव घेऊन गन उचलायला सांगायचो."

इतकी वर्षं. मीनल श्रीखंड वाढायला आत गेली आणि ते वाक्य आतच राहिलं. उद्या पहिल्याच शटरवर फोड येतील. अभिजीत हातातली गन बघेल, मग पाइप, मग बहिणीकडे बघेल. मीनलनं सगळ्यांच्या वाट्या काठोकाठ भरल्या.

सकाळी ती लवकर निघाली. आपण नुसतं बघायला चाललोय, असं तिनं स्वतःला सांगितलं. तिच्याकडे दुसरी किल्ली होती. आत कुणी नव्हतं. वाईन रंगासाठी घासून ठेवलेली शटर्स भिंतीशी रांगेत उभी होती. कॉम्प्रेसरवरची माळ सुकून आखडली होती. मीनलनं टाकीवर बोटाच्या पेरानं टकटक केली. वर पोकळ आवाज, खाली बद्द. वर, खाली, मध्ये. पाणी कुठवर आहे ते तिला नेमकं कळलं आणि बरंच होतं.

मशीननं आपलं काय वाईट केलंय, असा एक विचार तिच्या मनात आला. त्याचं उत्तर सापडायच्या आत ती गुडघ्यावर बसली होती. निळी बादली कोपऱ्यात होती. पितळी नळ तिच्या बोटांनी नेहमीसारखा हळू उघडला. आधी खरखर, मग तपकिरी पाणी, मग पाणी आणि हवा मिसळून, मग नुसती हवा. बादली जड झाली. तिनं ती बाहेर नेऊन टाकाऊ तेलाच्या पिंपात रिकामी केली आणि परत जागेवर ठेवली. आत्ता हे का केलंस, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

सगळे आले. मशीन सुरू झालं, टाकी भरली. हिंदुरावनं तोंडाला फडकं बांधलं आणि पहिल्या शटरवर गन फिरवली. रंग सपाट बसला. त्यात वरची ट्यूबलाइट सरळ रेषेत दिसत होती.

"बघ मीनल," अभिजीत म्हणाला. "दोन दिवस बंद होतं, तरी हवा कशी आहे बघ. व्हॉल्व्हची कमाल."

मीनलच्या बोटांना तेलाचा वास येत होता. आपल्याच हातांनी आपण हे केलं, हे तिला शांतपणे समजत गेलं.

राजसी माळ उतरवायला कॉम्प्रेसरकडे गेली होती. ती तिथेच थांबली. तिनं लटकलेला प्लग उचलला, कोरडा कॅन बघितला, मग बादली. बादलीखाली ओलं वर्तुळ होतं.

तिनं गुपचूप प्लग लावला असता तर कुणाला कळलं नसतं. मीनलनं तेच केलं असतं.

"दादा, व्हॉल्व्ह चाललाच नाही," राजसी म्हणाली. "नवमीला पुसताना प्लग काढला तो मी विसरले. वहिनींनी पाणी काढलंय."

"कधी?" अभिजीतनं बायकोकडे बघितलं.

"आत्ता, तुम्ही यायच्या आधी."

"तुम्हाला दिसलं कधी?" राजसीनं विचारलं. आवाजात राग नव्हता.

आत्ताच, एवढंच म्हणायचं होतं. पण मघाशी राजसीनं सगळ्यांसमोर आपली चूक किती सहज सांगितली, हे मीनलच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. या बाबतीतही ती पुढे राहावी, हे तिला सोसवेना.

"नवमीला," ती म्हणाली. "आरतीच्या वेळी."

"म्हणजे तू दोन दिवस..." अभिजीतचं वाक्य पुरं झालं नाही.

"हो."

हिंदुरावनं फडकं खाली ओढलं. "मला दुसरा हात मारायचाय. कुणाला भांडायचं असेल तर बाहेर जा बाबा. इथे धूळ उडते."

कुणी बाहेर गेलं नाही. राजसी प्लग हातात घेऊन उभीच होती. "लावू?" तिनं विचारलं.

मीनलनं तो तिच्या हातातून घेतला आणि स्वतः लावला. व्हॉल्व्ह फस्स करून मिटला.

"मी बॅच वाढवणार नाही," ती अभिजीतला म्हणाली. "संध्याकाळी येणार आहे."

"ये ना," अभिजीत म्हणाला. एवढ्यानं काय होतं, असा त्याचा चेहरा होता.

मीनल मशीनकडे वळली, मान कलती करून. "पट्टा सैल आहे."

"नाही हो वहिनी. मी नवमीलाच बघितलाय."

"मोटर वेग उचलताना चिरकतोय. मुख्य स्विच बंद कर, मग पट्ट्यावरची जाळी काढून बघ."

हिंदुरावचा हात संपेपर्यंत दोघी थांबल्या. मग राजसीनं स्विच पाडला, जाळी काढली आणि पट्टा दाबला.

"आहे सैल," ती म्हणाली.

मीनलला फार बरं वाटलं. मग तिला दिसलं, की राजसीचा अंगठा दोन पुलींच्या बरोबर मधोमध टेकला होता. ती स्वतः नेहमी दाबायची तिथेच. ते तिनं राजसीला कधी शिकवलं नव्हतं.