फुकट सर्व्हरची किंमत

सासऱ्यांनी औषधाच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर लिहायला घेतलं तेव्हा त्यांची सून शाळेत जात होती. आता दोघं घरातल्या पुढच्या खोलीत पाठीला पाठ लावून बसत. ही पूर्वी बैठकीची खोली. सोफा हलवून तिथे दोन टेबलं आली, आणि सासूबाईंनी पाहुण्यांना स्वयंपाकघरात बसवायची सवय करून घेतली. मागच्या वर्षी सासऱ्यांना हृदयाचा त्रास झाला, तेव्हापासून कोड सूनच लिही. सासरे दुकानदारांचे फोन घेत, त्यांच्या तक्रारी ऐकत, आणि मधूनमधून मान वळवून तिचा स्क्रीन बघत.

यंदा, त्यांचं सॉफ्टवेअर सगळी बिलं आणि साठा ज्यात नोंदवून ठेवी, तो डेटाबेस सर्व्हर विकणाऱ्या कंपनीने परवान्याची पद्धत बदलली. आजवर दुकानात जितकी माणसं सॉफ्टवेअर वापरतील तितक्यांचे पैसे भरावे लागत. आता मशीनच्या प्रोसेसरमध्ये जितके कोअर, म्हणजे काम करणारे भाग, तितक्यांचे. वर मशीन कितीही लहान असलं तरी निदान चार कोअरचे पैसे भरायचेच. दोन माणसं चालवत असलेल्या दुकानाला हा परवाना आपल्या सॉफ्टवेअरपेक्षा महाग पडणार, हे सासऱ्यांनी स्वतःच सुनेला सांगितलं. एका दुकानदाराने तर फोनवर विचारलं, की आता औषधं विकून परवाना घ्यायचा की परवाना विकून औषधं. सासरे हसले खरे, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

मग त्यांनी सुनेला सगळ्या पर्यायांचा खर्च शेजारी शेजारी मांडायला सांगितला.

पर्याय तीन होते. पहिला, आहे तोच सर्व्हर ठेवायचा आणि नव्या दराने पैसे मोजायचे. दुसरा, त्याच कंपनीची मोफत छोटी आवृत्ती. तिच्यात डेटा ठरावीक मापापर्यंतच मावतो, आणि जुन्या दुकानांची बिलं ते माप लवकरच ओलांडणार होती. तिसरा, पूर्णपणे मोफत सर्व्हर. त्याच्या परवान्याच्या रकान्यात तिने शून्य लिहिलं. पण सासऱ्यांनी हिशेबाचे सगळे नियम जुन्या सर्व्हरच्या पोटात, त्याच्याच भाषेत लिहून ठेवले होते. मुदत संपत आलेली औषधं आधी विकायची, फोडलेली पट्टी परत घ्यायची नाही, असे कितीतरी. सर्व्हर बदलला तर त्यातलं अक्षरही चालणार नव्हतं.

इथे तिचा हात अडखळला. कोड लिहायचं तर त्यांनी सोडलंच होतं. त्यांचं म्हणून अजून चालू होते ते हे नियमच. नियम नव्याने लिहायला किती वेळ लागेल, या जागी तिने एक वर्ष असं लिहिलं. अंदाज थोडा सढळ धरलेला बरा, असं तिने स्वतःला बजावलं. त्या एका आकड्याने पारडं फिरलं आणि जुना सर्व्हरच स्वस्त दिसू लागला.

दुपारी सासरे ते वाचायला बसले. सून उगाचच कीबोर्डवर काहीतरी बडवत राहिली.

"हे वर्ष कुणाच्या कामाचं धरलंयस?" त्यांनी विचारलं.

"माझ्या."

"तू इतकी सावकाश कधीपासून काम करायला लागलीस?"

तिला खोटं बोलवेना. "बाबा, ते सगळं तुम्ही लिहिलंय. माझ्या हातून ते पुसायला नको वाटलं."

सासरे उठून आत गेले. पाण्याचा नळ वाजला, सासूबाईंनी काहीतरी विचारलं. परत आले तेव्हा त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण राग लपत नव्हता.

"माझं मन राखायचे पैसे दुकानदारांनी का भरायचे?"

सुनेने कीबोर्डवरचे हात काढून घेतले. मग तेच म्हणाले, "मला वाईट वाटतंय. वाटू दे. वाटायचं ते वाटून जाईल." आणि आपली खुर्ची ओढत तिच्या टेबलाशी घेऊन आले.

दुसऱ्या दिवसापासून ते एकेक नियम उलगडून सांगायला लागले, आणि ती तो मोफत सर्व्हरसाठी नव्याने लिहू लागली. बरेचसे नियम कुणा ना कुणामुळे आलेले होते. एक नियम तर तिच्या डोक्यातच शिरेना. एका दुकानात नवरा-बायको एकाच कपाटातला माल आपापल्या मशीनवरून दोनदा विकायचे आणि मग एकमेकांशी भांडायचे, म्हणून तो घातला होता. आता ते दुकान त्यांची मुलगी एकटी चालवत होती. सासऱ्यांनी तो नियम स्वतःच काढून टाकला. असे काढत, गाळत गेल्यावर काम निम्म्यावर आलं. वर्ष तर सोडाच, एक तिमाही पुरली.

नवा सर्व्हर बसवायला पहिलं दुकान त्यांनी सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाचं निवडलं. तिथल्या बाई गल्ल्यावर बसल्या, या दोघांना मागच्या खोक्यांवर जागा मिळाली. बिलं नीट निघत होती. पण तासाभराने एकूण विक्री जुळेना. सुनेने पुन्हा बेरीज करून पाहिली, तरी नाही. सासऱ्यांनी बाईंना शांतपणे समजावलं, की जुना सर्व्हर अजून तसाच आहे, लागलं तर लगेच त्यावर परत जाता येईल. मग दोघांनी बिलं एकेक करून तपासली. ज्यांवर डॉक्टरांचं नाव लिहिलेलं नव्हतं, नेमकी तीच बेरजेतून गळत होती. मुद्दाम रिकामी सोडलेली जागा आणि मुळात भरलीच नाही ती जागा जुना सर्व्हर एकच धरायचा, नवा वेगवेगळी धरत होता. सुनेने तिथल्या तिथे दुरुस्ती केली. बेरीज जुळली.

"मग बदललं काय?" बाईंनी विचारलं. त्यांना स्क्रीनवर काहीच फरक दिसत नव्हता.

"परवान्याचं बिल येणार नाही," सासरे म्हणाले. "बाकी सगळं तेच."

घरी चालत जाताना सून दमली होती. सासऱ्यांनी त्या रिकाम्या जागेबद्दल एक शंका विचारली, तिने ती समजावली. मग त्यांनी दुसरी विचारली. कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला थांबले तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या दुकानात कीबोर्डवर मी बसून बघतो. तू शेजारी बस. चुकलो तर सांग, पण लगेच नको."