मजला दाखवणारी तबकडी

“ठमे, मी तुझ्या गल्लीत आलो!” हे इतक्या जोरात ओरडले की शेजारीण गॅलरीतून डोकावली.

आले कुठले? बसले होते आमच्याच जेवणाच्या टेबलाशी, लेकीला फोनच्या स्पीकरवर घेऊन. पण कॉम्प्युटरवरच्या दुकानात खरंच ‘तुमच्या जवळची शाखा’ म्हणून लेकीच्या घरामागचा रस्ता दिसत होता. समुद्रापलीकडचा!

ह्यांनी उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली. अजूनही कुणाकडे गेलो की आधी लिफ्टची तब्येत विचारतात, मग माणसांची. शिकाऊ असताना ज्या लिफ्टला ह्यांनी पहिल्यांदा हात लावला, तिच्या दारावर एक पितळी तबकडी होती, काटा फिरवून मजला दाखवणारी. त्या लिफ्टा केव्हाच भंगारात गेल्या. आणि परवा एका परदेशी ऑनलाइन दुकानात अगदी तशीच तबकडी दिसली. शेवटचा एक नग. घ्यायला जावं तर एकच पाटी: तुमच्या देशात उपलब्ध नाही. तेव्हापासून ह्यांना अन्न गोड लागेना.

नेमकी लेक त्याच देशात. नोकरीला म्हणून गेली ती तिकडचीच झाली. घरी येऊन किती वर्षं झाली हे मोजणं मी सोडून दिलंय. तोड तिनेच काढली.

“बाबा, आपण बोगदा करू. तुमचा कॉम्प्युटर माझ्या घरातल्या इंटरनेटच्या डब्याशी बोलेल आणि डबा दुकानाशी. दुकानाला वाटेल, तुम्ही माझ्याकडेच बसलाय.”

“म्हणजे लिफ्टचा शाफ्टच की गं! वर तू, खाली मी.”

ह्यांना लगेच उमगलं. मला अजून उमगलेलं नाही, पण तबकडी दिसली आणि खाली ‘विकत घ्या’ असं बटणही आलं. ह्यांनी हात चोळले, काहीतरी दाबलं आणि पुन्हा तीच मेली पाटी!

“गेली! ठमे, गेली!”

“तुम्ही काय दाबलंत?”

“त्याने विचारलं, तुमचं ठिकाण कळू द्यायचं का? मी हो म्हटलं.”

“अहो बाबा, का पण?”

“विचारल्यावर खोटं कसं बोलायचं?”

मी कपाळावर हात मारला. एवढा बोगदा खणून चोरपावलांनी आत शिरायचं आणि दारातच आपला खरा पत्ता सांगायचा!

लेकीने हसत हसत सगळं पुन्हा जुळवून दिलं. मग दुकानाला आमच्या बँकेचं कार्ड चालेना. त्यात ‘आणखी चार जण ही वस्तू पाहत आहेत’ अशी लाल ओळ आली. ह्यांच्या कपाळावर घाम, माझ्या हातात झाडू तसाच.

“माझं कार्ड घालते. बाबा, आता कशाला हात लावू नका. श्वाससुद्धा हळू घ्या!”

हिरवी खूण आली. “मिळाली!” म्हणत हे असे उठले की पायात वायर अडकून कॉम्प्युटरच निघाला होता खाली, मी झेलला. हे खोलीभर नाचले. ह्यांना असं नाचताना मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“बुधवारी माझ्याकडे येईल,” लेक म्हणाली. “लगेच पोस्टाने पाठवते.”

हे नाचता नाचता थांबले.

“पोस्टाने नको.”

“मग कुरियर करते.”

“तेही नको. तुझ्याकडेच राहू दे. तू येशील तेव्हा घेऊन ये.”

“बाबा, पण माझ्या रजेचं अजून काहीच ठरलेलं नाही.”

“असू दे. मला काही घाई नाही.”

घाई नाही म्हणे! मी झाडू घेऊन आत निघून गेले.

बाहेर आले तर ह्यांनी ड्रिल काढलं होतं. दुकानाच्या पानावरून तबकडीची मापं घेऊन, लेव्हल लावून, दारासमोरच्या भिंतीत चार स्क्रू बसवले. मग खुर्चीत बसून डोळे बारीक करून पाहत राहिले.

“सरळ आहेत ना गं?”

“सरळ आहेत,” मी म्हटलं.