निम्म्या गोळ्या

तपासणीत पुन्हा तेच निघालं. दवाखान्यातल्या सिस्टरने चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "गोळ्या पूर्ण घेतल्यास ना?"

समोर बसलेली शिवणकामवाली म्हणाली, "निम्म्या घेतल्या. निम्म्या ह्यांना दिल्या."

"अगं बाई! चहा आहे का तो, बशीत ओतून द्यायला?" सिस्टरने कपाळावर हात मारला. "अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत. दोघंही तशीच राहिलात, आणि संबंधातून एकमेकांना पुन्हा देत बसलात. आता दोघांनीही पूर्ण औषध घ्यायचं, आणि मी सांगेपर्यंत लांब राहायचं. नाहीतर गर्भनलिका खराब होतील. मूल हवंय ना तुला?"

हवं होतं. त्यासाठीच तर ती इथे पहिल्यांदा आली होती. आजार घरात कुठून आला, हे तिने नवऱ्याला विचारलं नव्हतं. उत्तर माहीत असताना विचारून काय मिळणार? भांडायलाही अंगात त्राण लागतं, आणि तिचं सगळं त्राण मशीनचं पायडल खाऊन टाकत होतं.

नवऱ्याचं केस कापायचं दुकान. लोक त्याच्या खुर्चीत बसून जगाची लफडी सांगत, त्यामुळे गुपित कसं फुटतं हे त्याला तोंडपाठ. त्यात दवाखान्यातला लॅबवाला त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक. "त्याला कळलं की माझी अब्रू वेशीवर टांगलीच समज," म्हणत गड्याने दवाखान्यात पाऊल टाकलं नाही आणि बायकोच्या पाकिटातल्या गोळ्या गिळल्या.

ती तडक दुकानात गेली. लॅबवाला दाढी करून गाल चोळत बाहेर पडत होता. "बरंय वहिनी," म्हणून तो गेला. दुकानात दोघंच उरली.

"आणल्यास गोळ्या?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"माझ्या आणल्या. तुमच्या तिकडे मिळतील, तपासून."

"अगं, पण तो..."

"माझी लघवी दोन्ही वेळा त्यानेच तपासली. बाटलीवरचं नाव वाचून." इतके दिवस न आलेला राग आता एकदम वर आला. "तेव्हापासून तुमच्या वस्तऱ्याखाली मान देऊन बसतोय. बोलला कधी काही?"

नवरा स्वच्छ वस्तरा पुन्हा पुसत राहिला. मग म्हणाला, "तूही चल ना बरोबर."

ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि तिने डोळे मिटले.

"मी दोनदा जाऊन आले," ती म्हणाली. "आता तुम्ही जा."