अकरा सेकंदांचा वसंता

आमच्या मामांचे हसू उशिरा यायचे. विहिरीवरची मोटर सुरू केली की पाइपात आधी नुसती हवा गुरगुरते, एक गचका बसतो आणि मग पाणी धो धो येते, तसे. गुरगुर ऐकू आली की आम्ही हातातले चहाचे कप खाली ठेवत असू, कारण पुढे खांदे हलायचे, टोपी सरकायची आणि शेजारच्याच्या पाठीवर थाप पडायची.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, दामोदर. नाशिकजवळ मखमलाबादला त्यांचा दीड एकर गुलाब. हिवाळ्यात उजाडण्याआधी ते फुले तोडायला उतरत. धुके, ओली माती आणि कात्रीची बारीक कटकट यांतून त्यांची आकृती हळूहळू प्रकाशात येई. देठ धरताना बोटे इतकी हलकी होत, की काट्यांनाही ती ओळखीची वाटावीत.

त्या बोटांना आणखी एक काम येत होते. तरुणपणी त्यांचा मित्र वसंता आणि आणखी दोन कवी यांनी प्रस्थापित साहित्यावर चिडून एक अनियतकालिक काढले होते. कविता त्या तिघांच्या. प्रती छापायच्या सायक्लोस्टाइल यंत्राचा दांडा फिरवायचे मामा. वसंता चाळिशीच्या आत दारूने गेला. पुढे बाकीचे दोघेही गेले.

दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात अनियतकालिकांच्या त्या चळवळीवर चित्रपट काढायला मुंबईहून एक तरुण दिग्दर्शक आला. चित्रपटात मामांचे पात्र नव्हते. नटांना यंत्र शिकवायला मात्र ते हवे होते. मामांनी पटकथा दोनदा वाचली.

"सगळं खरं हाय," ते म्हणाले. "पण वसंता यात एकदाबी हसत नाय."

"काका, शोकांतिका आहे ही."

"असू दे की. शोकांतिकेतली माणसं सकाळी उठून चहा पीत नाय का?"

दिग्दर्शकाने मान डोलावली, पण पटकथा बदलली नाही. दिग्दर्शकाला भेटून परतताना मामा मला म्हणाले, "वसंताला पाहिलेला आता मी एकटा राहिलो, जावईबापू. माझ्यामागं लोक त्याला रडकाच समजतील." त्या दिवशी चहाच्या वेळी गुरगुर झाली नाही.

चित्रीकरण देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यात होते. मी रजा काढून मामांबरोबर गेलो. खिडकीतून हिवाळ्याचे तिरके, मधासारखे ऊन यंत्रावर पडले होते. दूर लष्कराच्या तोफांचा सराव चालू होता आणि प्रत्येक धडाक्याला आवाज टिपणारा माणूस कपाळाला हात लावत होता. वसंता झालेला पोरगा सगळी व्यथा मनगटात आणून दांडा फिरवी, आणि स्टेन्सिलचा मेणकागद टरकन फाटे. दोनदा फाटला. तिसऱ्यांदा फाटला तेव्हा शाई थेट त्याच्या नाकावर उडाली. मामांना राहवेना.

"अरे बाबा, रसवंती हाय का ही? दुःख काय ते तोंडावर दाखव. हात हळू!"

सगळे वळून मामांकडे बघू लागले. तेवढ्यात पाइपातली हवा गुरगुरली, गचका बसला आणि मामांचे हसू फुटले. ते हसताहेत हे पाहून तो पोरगाही हसू लागला. नाकावर शाई, डोळ्यांत पाणी, हातात फाटका कागद. कॅमेरा चालूच होता.

चित्रपट नाशिकला लागला तेव्हा मामा इस्त्रीची टोपी घालून आले. पडद्यावर अंधार, खोकला, बाटल्या, भांडणे. मामा ताठ बसून होते. आणि मध्येच ऊन आले, कागद फाटला, वसंता हसला. मामांनी माझे मनगट घट्ट धरले.

"हा! असाच. अगदी असाच हसायचा."

मग सगळ्या थिएटरला ऐकू जाईल एवढ्याने ते स्वतः हसले. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून "शूऽऽ" केले. "आमचाच माणूस हाय ओ तो," मामा त्यांना म्हणाले.

मामांना जाऊन चार वर्षे झाली. गुलाब आता मेहुणे, म्हणजे मामांचे चिरंजीव, तोडतात. आम्ही त्या चित्रपटाची सीडी आणली आहे. ती लावली की नेमक्या त्या जागी चौकटीबाहेरून, जिथे कुणीच दिसत नाही तिथून, गुरगुर ऐकू येते. आणि बायको हातातला कप खाली ठेवते.

मी घड्याळ लावून मोजले आहे: वसंता अकरा सेकंद हसतो. दर वेळी अकराच भरतात, आणि दर वेळी मला वाटते, या खेपेला थोडा जास्त थांबला.