ट्रेलरवरचा नवरा

डोंगरावरच्या फ्लॅगस्टाफ गावच्या पेट्रोल पंपावर डेलबर्ट हॉगनने बायकोशी बोलणं टाकलं, तेव्हा तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनाच हायसं वाटलं. बराच वेळ पंपावर त्याचाच आवाज घुमत होता.

झालं होतं असं, की त्याच्या बायकोने, आर्लिसने, मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच ते, लहान गाड्यांच्या रांगेत घातलं. नुसतं मोटरहोम असतं तर निभावलं असतं. पण मागे भाड्याचा ट्रेलर आणि ट्रेलरवर पट्ट्यांनी आवळून बांधलेली त्यांची जुनी ब्युइक मोटार, म्हणजे आगगाडीचा एक तुकडाच तो. पुढे खांब, मागे हॉर्न वाजवणारी माणसं. डेलबर्ट खाली उतरून तिला गाडी मागे घ्यायला लावत हातवारे करायला लागला. तो ‘डावीकडे’ म्हणायचा ते ट्रेलरला उद्देशून, ती डावीकडे वळवायची ते स्टिअरिंग, आणि ट्रेलर मुकाट उजवीकडे जायचा. कचऱ्याचं पिंप आडवं झालं. काचा पुसायच्या पाण्याची बादली चाकाखाली गेली. शेवटी एका ट्रकवाल्याने आर्लिसला दोन मिनिटं उतरायला सांगितलं आणि सगळं लटांबर स्वतः बाहेर काढून दिलं. जाताना डेलबर्टकडे बोट दाखवून तो तिला म्हणाला, “याला कुठेतरी ठेवून द्या बाई, मग नीट जाल.”

डेलबर्ट जन्मभर न्हावी होता. नॉर्थ डकोटातल्या मायनॉट गावात त्याचं दुकान. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती फडकं आणि न्हाव्याच्या हातात वस्तरा असताना कोण उलटून बोलणार? त्यामुळे आपलं बोलणं लोकांना आवडतं, असा त्याचा पक्का समज झालेला. थंडीला कंटाळून दोघांनी घर विकलं, वाळवंटातल्या उबदार युमाला कायमचं राहायला जायचं ठरवलं, आणि नेमकं निघायच्या आधी डेलबर्टच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने काही आठवडे गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. नव्या मालकांना घराचा ताबा द्यायचा होता, थांबायची सोय नव्हती. तेव्हा मोटरहोम आर्लिसच्या हाती आलं. तिने आजवर ब्युइक चालवली होती, तीही चर्च आणि वाण्याच्या दुकानापर्यंत. मायनॉटपासून ती हातांनी गाडी चालवत होती आणि शेजारी बसून डेलबर्ट तोंडाने.

ट्रकवाला गेल्यावर आर्लिस शांतपणे म्हणाली, “अजून एक शब्द बोललास ना डेल, तर मी तुला इथे सोडून जाईन.”

“जा की. चालव एकटीच,” म्हणून तो तरातरा मागे गेला आणि ट्रेलरवर चढून ब्युइकमध्ये जाऊन बसला. आतमध्ये घरातलं उरलंसुरलं कोंबलेलं होतं: गोधड्या, प्लास्टिकचं ख्रिसमसचं झाड, आणि शेजारच्या सीटवर लाकडी पाटीवर ठोकलेला, पेंढा भरलेला एक भलामोठा वॉलआय मासा. हा मासा त्याने स्वतः गोठलेल्या तळ्यातून भोक पाडून काढला होता. आर्लिसला तो दिवाणखान्यात कधीच नको होता. दोघे नकोसे शेजारी शेजारी बसले.

ती आता येईल, काच वाजवेल, मग आपण थोडा वेळ ताणून धरू, असा त्याचा बेत. ती दुकानातून आली. हातात कॉफीचा एकच कप होता. ती सरळ पुढे जाऊन बसली आणि मोटरहोम सुरू झालं.

पट्ट्या करकरल्या, ब्युइक हलली. डेलबर्टला वाटलं, जरा पुढे घेऊन लावत असेल. तोवर महामार्ग लागलासुद्धा. फोन पुढे राहिलेला. त्याने हॉर्नवर तळवा दाबला. बऱ्याच वेळाने पुढच्या खिडकीतून आर्लिसचा हात बाहेर आला आणि त्या हाताचं मधलं बोट तेवढं ताठ उभं राहिलं. ती चर्चच्या महिला मंडळाची चिटणीस होती. तिला ही खूण येते, हे त्याला इतक्या वर्षांच्या संसारात ठाऊक नव्हतं.

मागचा कुणी उतावळा हॉर्न वाजवतोय, असं तिला वाटलं असणार. आपण मोटरहोममधल्या आतल्या खोलीत रुसून पडलोय, अशी तिची समजूत असेल. एवढ्यात त्याचं लक्ष समोर गेलं. मोटरहोमच्या पाठीवर, नंबरप्लेटच्या वर, एक छोटा कॅमेरा त्याच्याकडे टक लावून बघत होता. तो त्यानेच उन्हाळ्यात बसवला होता. त्याचा पडदा आर्लिसच्या पुढ्यात, स्टिअरिंगच्या शेजारी.

डेलबर्टने दोन्ही हात हलवले. टोपी काढून हलवली. मासा उचलून दाखवला. पुढच्या गाडीचा उजवा इंडिकेटर लुकलुकला, आणि तो सुटकेचा श्वास टाकून केस सारखे करायला लागला. उजवीकडची वाट आली आणि गेली. इंडिकेटर बंद झाला.

मग कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बया मुद्दाम करतेय.

तो जे काही बोलला ते माशाने ऐकून घेतलं. बोलून दमल्यावर त्याला पाटी दिसली: पुढे मोठा उतार, ट्रकनी खालचा गिअर टाकावा. फ्लॅगस्टाफहून कॅम्प व्हर्डेकडे रस्ता डोंगरावरून खाली सोडल्यासारखा उतरतो. ब्युइकच्या ओझ्याने ट्रेलर मोटरहोमला पुढे लोटत होता. वाऱ्याने मोटरहोमची पाठ डुलायची, त्या पाठोपाठ ट्रेलर, आणि ट्रेलरवर आपल्या स्प्रिंगांवर ब्युइक वेगळीच डुलायची. डेलबर्टने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. ब्रेकवर सगळा जोर दिला. स्टिअरिंगचा नि ब्रेकचा पुढच्या गाडीशी काडीचा संबंध नव्हता.

“खालचा गिअर टाक! ब्रेकवर पाय ठेवून बसू नको, दाब आणि सोड!” तो काचेला तोंड लावून ओरडत होता.

समोरचे लाल दिवे लागले, विझले. थोड्या वेळाने पुन्हा लागले, विझले. इंजिनाचा सूर बदलला. गिअर खाली आला होता. ती बरोबर तेच करत होती, आणि त्याच्या ओरडण्याशिवाय करत होती. शेजारून एक गाडी पुढे गेली. मागच्या सीटवरच्या मुलांनी त्याचे आणि माशाचे भरपूर फोटो काढले. डेलबर्टने त्यांना हात केला. दुसरं काय करणार? शेवटच्या वळणावर वाऱ्याचा मोठा झोत आला, आणि त्याने प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. अर्ध्यात शब्द विसरला, मग परत पहिल्यापासून म्हटली.

उतार संपला, जमीन सपाट झाली आणि मागे पोलिसाचे दिवे चमकायला लागले. फोटो काढणाऱ्या मुलांच्या आईने फोन केला होता.

पोलीस तरुण होता, बेगाय नावाचा. तो आधी ब्युइकपाशी आला. त्याने डेलबर्टकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं, पुन्हा डेलबर्टकडे पाहिलं.

“सर, तुम्ही इथे आपल्या मर्जीने बसलाय का?”

डेलबर्टने खूप विचार केला. “बसलो मर्जीने. राहिलो बिनमर्जीने.”

बेगाय पुढे जाऊन आर्लिसशी बोलला. ट्रेलरवरच्या गाडीत माणूस ठेवायचा नसतो, हे तुम्हाला माहीत आहे का, असं त्याने विचारलं. तिने माहीत असल्याचं कबूल केलं. माणूस तुमचाच ना, या प्रश्नावर ती जरा थांबली आणि हो म्हणाली. बेगायने दोघांनाही सज्जड ताकीद दिली. मग डेलबर्टला बाजूला घेऊन, तुम्हाला काही तक्रार द्यायची आहे का, असं त्याने हलक्या आवाजात विचारलं.

“तिच्या गाडी चालवण्याबद्दल?”

“नाही सर. तुम्हाला डांबून ठेवल्याबद्दल.”

“मग नाही. चालवायचं म्हणशील तर तेही बरं चालवते,” डेलबर्ट म्हणाला, आणि स्वतःच चपापला.

पोलीस गेला. डेलबर्ट पुढे येऊन आपल्या जागेवर बसला. सुनवायची वाक्यं त्याने उतारभर घोळवून ठेवली होती, एकाहून एक धारदार. आर्लिसने किल्ली फिरवली नाही. तिचे हात स्टिअरिंगवर तसेच होते, बोटं पांढरी पडलेली.

“पहिल्या हॉर्नलाच दिसलास तू मला,” ती म्हणाली. “पुढच्या फाट्यापर्यंत बसू दे म्हटलं. मजा येत होती. इंडिकेटरही दिला मी. पण फाट्याचं ते वळण बघितलं नि धीरच झाला नाही. मग उतार लागला.”

डेलबर्टने सीटबेल्ट ओढून लावला.

“थांबायचं होतं रे मला. कडेला एवढीशी जागा, मागून ट्रक. आणि एकदा थांबले असते ना, तर पुन्हा काही ही गाडी हलवली नसती मी. तिथेच बसून राहिले असते रडत. नि पडद्यावर तू. तोंड उघडतोय, मिटतोय, आवाज नाही. काय सांगत होतास?”

तिला तो दगडाच्या काळजाची समजत होता. ती पुढे बसून त्याच्याइतकीच घाबरलेली होती. धारदार वाक्यांतलं एकही आता कामाचं राहिलं नव्हतं.

“काही नाही,” तो म्हणाला. “माशाशी बोलत होतो.”

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती चांगली घळाघळा रडली. त्याने ग्लोव्हबॉक्समधले कागदी रुमाल काढून दिले. मग कॅम्प व्हर्डेत शिरताना त्याने डावीकडे घे म्हणून सांगितलं, आणि तिने अंगठ्याने मागे ब्युइककडे खूण केली. ती उजवीकडून गेली, रस्ता चुकला, आणि दोघांना हॉटेलात अ‍ॅपल पाय खायला जरा उशीर झाला.

युमाला पोचून त्यांनी ट्रेलर परत केला. डेलबर्ट आता मांडवाखाली खुर्ची टाकून तिथल्या म्हाताऱ्यांचे केस कापतो आणि पूर्वीसारखाच अखंड बोलतो. शेजारणी पत्ते खेळायला जमल्या की आर्लिसला ती गोष्ट सांगायला लावतात. ती बोट दाखवल्याचं सांगते, इंडिकेटरचं सांगते, बेगायचा चेहरा करून दाखवते, धीर सुटल्याचं तेवढं गाळते, आणि बायका हसून लोळतात. मग कुणीतरी विचारतंच, की खरंच मुद्दाम नाही थांबलीस?

“मग काय!” आर्लिस म्हणते.

डेलबर्ट तेवढ्यात कात्री खाली ठेवतो आणि आतून बर्फ आणायला जातो.