दिसेल त्याचे निम्मे

मित्रांनो, मी एक जुनी, स्वस्तातली दुर्बीण आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर पडून असते. आज मी तुमच्यापुढे माझा गुन्हा कबूल करणार आहे. आधी ऐकून घ्या, मग मला काय बोलायचे ते बोला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या दोन नळ्यांत काचेचे लोलक डिंकाच्या थेंबाने चिकटवले आणि तपासणाऱ्या बाईंनी मला उचलले. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. त्यांनी घाईने एकाच नळीतून पाहिले, ठीक आहे म्हटले आणि मला खोक्यात घातले. दोन्ही नळ्यांतून एकदम पाहिले असते, तर त्यांना कळले असते की माझी डावी नळी जराशी वर बघते. माणूस तिरळा असतो ना, तशीच मी. एका वस्तूच्या दोन दाखवते, एकीवर एक.

अशी मी एका तलावाच्या राखणदाराच्या हाती आले. त्या तलावावर लोक होड्या भाड्याने घेऊन फिरत. राखणदार मचाणावर बसून पाण्यावर लक्ष ठेवी आणि त्याची थोरली लेक खाली बचावाची होडी घेऊन तयार असे. पहिल्याच दिवशी त्याने चार बदकांची आठ मोजली आणि पोट धरधरून हसला. लेक म्हणाली, बदलून आणू या. तो म्हणाला, असू दे गं, दिसेल त्याचे निम्मे धरायचे! झाले, तेव्हापासून बापलेकींची तीच रीत. सहा होड्या दिसल्या की तो वरून तीन सांगे. दहा वर्षांत त्याचा आकडा एकदाही चुकला नाही. लोक त्याला कौतुकाने निम्मेकाका म्हणू लागले, आणि मी मेली त्या कौतुकात फुगून बसले. व्यंगाचेच लाड होत होते, मग मला आणखी काय हवे होते?

एके दिवशी हवा फार दमट होती. माझ्या डाव्या नळीत आतून वाफ धरली आणि तिच्यातून काही दिसेनासे झाले. नेमकी त्याच दुपारी पलीकडच्या काठापाशी एक होडी उलटली. राखणदाराने घाईघाईने मला डोळ्यांना लावले. उलट्या होडीला धरून दोन डोकी वरखाली होत होती. ती खरोखर दोनच होती. आयुष्यात पहिल्यांदा मी खरे दाखवत होते. होडीही एकच दिसते आहे, हे त्या गडबडीत त्याच्या ध्यानातच आले नाही. सवयीने त्याने निम्मे केले.

"एकच आहे!" तो ओरडला.

लेक जीव तोडून वल्ही मारत गेली. तिने एका मुलीला वर ओढले. तोवर दुसरीचा हात सुटून ती होडीच्या पलीकडे गेली होती. एकच आहे म्हटल्यावर लेकीने पलीकडे पाहिलेही नाही. ती माघारी वळली. अर्ध्या वाटेत त्या मुलीचा श्वास थाऱ्यावर आला आणि तिने विचारले, "धाकटी कुठे आहे?"

धाकटी सापडली. जगलीही. पण फार वेळ पाण्याखाली राहिली होती. आता ती अडखळत बोलते आणि ओळखीचे शब्दही तिला चटकन सापडत नाहीत. मित्रांनो, तो गेलेला वेळ माझ्या माथी आहे.

चौकशी झाली तेव्हा राखणदाराने माझे नावही काढले नाही. माझे डोळे गेलेत, एवढेच बोलून त्याने नोकरी सोडली. मी समोर टेबलावरच होते. मला वाचा असती तर मी खरे सांगितले असते, पण मी नुसती पडून राहिले.

पुढे लेकीने मला चष्मेवाल्याकडे नेले. त्याने माझ्या अंगावरचे रबर सोलले आणि आतला एक बारीक स्क्रू किंचित फिरवला. म्हणाला, दहा मिनिटांचे तर काम होते. ते ऐकून लेक दुकानातच रडू लागली. घरी येऊन तिने मला वडिलांपुढे धरले.

"बाबा, तुमचे डोळे चांगले आहेत. एकदा बघा तरी."

त्याने मला हातही लावला नाही.

म्हणून हात जोडून सांगते, मित्रांनो, घरातली एखादी वस्तू चुकत असेल तर तिच्या चुकीची सवय लावून घेऊ नका. तिला वेळेवर दुरुस्त करा. त्या पहिल्या दिवशी हसण्याऐवजी कुणी मला रागावले असते, तर आज धाकटीला आपल्या आईला हाक मारताना अडखळावे लागले नसते.