खाली तोंड असलेली खिडकी

दुपारी चारच्या आत परिषदेला शोधनिबंध पाठवायचा होता आणि माझी तीन वर्षांची मेहनत त्यात पणाला लागली होती. वातावरणाच्या माथ्यावरचे ऑक्सिजनचे आयन ध्रुवांजवळून वर, पृथ्वीच्या चुंबकीय कवचात निसटतात, असं सगळं जग म्हणत होतं. माझ्या चित्रात ते खाली येत होते. माझे मार्गदर्शक सर हवेतच तरंगत होते, आणि मीही काही कमी फुशारले नव्हते.

अकराच्या सुमारास काका पंखा दुरुस्त करायला आले. काका म्हणजे आमच्या कार्यशाळेतले जोडारी. उपग्रहावरचं आयन मोजणारं यंत्र त्यांनीच जोडलेलं. शिडीवरूनच त्यांनी माझ्या कामात नाक खुपसलं आणि माझा पारा चढला.

"हे बाण खाली का गं दाखवलेस?"

"आयन खाली येतायत, काका. मोठा शोध आहे."

"पण हे आकडे यंत्राच्या खालच्या खिडकीचे ना? तिचं तोंड जमिनीकडे. तिच्यात वरून कोण शिरणार?"

मी लगेच यंत्राची फाइल काढली. आकड्यांपुढे खिडकीची दिशा लिहिली होती आणि मी तीच आयनांची दिशा धरून बसले होते. पायाखालची जमीन सरकली.

"मग वर जातात कसे? जड असतील की," काका उतरता उतरता म्हणाले.

मी रडवेल्या आवाजात सांगितलं, "विजेच्या लहरी त्यांना आडवं घुसळून तापवतात. चुंबकीय क्षेत्र खाली दाट, वर विरळ. ते त्यांना वर ढकलतं."

"चिमटीत दाबलेली ओली बी सटकते तसं?"

"अगदी तसं."

बाण उलटे केले. शोध गेला, पण आमचा उपग्रह बराच खालून फिरत होता, आणि इतक्या खाली ही उसळी आजवर कोणी मोजली नव्हती. निबंध उभा राहिला. पुढे परिषदेत भर सभेत माझं हसं झालं असतं, त्यातून काकांनी वाचवलं. हे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

पावणेचारला सरांनी लेखकांची यादी पाहिली. "काका? तेही माझ्या आधी?"

"सर, ते चित्र आपण दोघांनी शंभरदा पाहिलं होतं."

सरांनी एकदा चित्राकडे पाहिलं. मग हसले आणि म्हणाले, "पाठव."

कागद काकांना दाखवला. खिशातून चष्मा काढून त्यांनी आपलं नाव वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"पंखा राहिलाच की," म्हणाले आणि घाईघाईनं शिडी चढले.